कोण घेणार आणि कोण ठेवणार: कोल्हापुरातील चार महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सामाईक संग्रहाचे प्रकरण

कोल्हापूर शहरातील चार महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी खरेदीचे विषय वाटून घेऊन एकमेकांच्या संग्रहावर विसंबण्याचा जो प्रयत्न केला, त्याची ही हकिकत आहे. या चारपैकी एका ग्रंथालयाची ग्रंथपाल आणि प्रयोगाची निमंत्रक म्हणून मी सुरुवातीपासून त्यात होते; त्यामुळे हे लेखन त्रयस्थाचे नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. संस्थांची नावे दिलेली नाहीत. अ हे शहरातील जुने महाविद्यालय, भाषा आणि इतिहास यांचा मोठा संग्रह असलेले. ब येथे विज्ञानाबरोबर राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचे चांगले विभाग. क हे माझे, वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे. आणि ड हे मुलींचे महाविद्यालय, नदीच्या बाजूला, सखल भागात. चारही शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असून एकमेकांपासून दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत.

निमित्त किरकोळ होते. ड मधील एक प्राध्यापिका गुळाच्या बाजारपेठेवर प्रबंध लिहीत होत्या. त्यांना हवे असलेले सहकार आणि शेतमाल बाजारविषयक जुने अहवाल आमच्या चौघांपैकी एकाकडेही नव्हते. मात्र शोधाशोध करताना असे लक्षात आले की व्यवस्थापनशास्त्राचा एक महागडा, बहुखंडी इंग्रजी कोश चारही ठिकाणी आहे. मी आमच्याकडचा संच उघडून पाहिला. खंड उघडताना बांधणी कडकडली. दाखल करताना मारलेल्या शिक्क्याची शाई ओली असतानाच खंड मिटला गेला असावा, कारण समोरच्या पानावर त्या शिक्क्याचा उलटा ठसा स्वच्छ उमटलेला होता, आणि तो मधल्या काळात कोणाच्या बोटाने जराही पुसट झालेला नव्हता. बाकीच्या तिघांनी आपापल्या संचांचे जे वर्णन फोनवर केले, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

एकच कोश चार ठिकाणी कसा आला, याचे उत्तर कपाटात नसून कॅलेंडरात होते. अनुदान येते उशिरा आणि खर्च दाखवायचा असतो मार्चअखेर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच दोन-तीन वितरक आपली पुस्तके टेम्पोत भरून एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जातात, हॉलमध्ये प्रदर्शन मांडतात, प्राध्यापक चहाच्या सुट्टीत येऊन चिठ्ठ्या ठेवतात आणि उरलेली रक्कम जुळावी म्हणून शेवटी एखादा मोठा संच बिलात जातो. यात लबाडी कोणाचीच नाही. घाईत घेतलेले चार स्वतंत्र निर्णय एकाच टेम्पोतल्या मालावर घेतले गेले की संग्रह एकसारखे होतात, एवढेच.

म्हणून आमचा पहिला नियम विषयवाटपाचा नव्हताच. दोन हजार रुपयांवरील कोणतेही पुस्तक किंवा संच मागवण्यापूर्वी बाकी तिघांना नाव कळवायचे आणि दोन दिवस थांबायचे, एवढेच ठरले. पाठ्यपुस्तके आणि परीक्षोपयोगी पुस्तके यातून पूर्ण वगळली. सत्रपरीक्षेच्या आठवड्यात चारही महाविद्यालयांच्या मुलांना तेच पुस्तक त्याच दिवशी हवे असते, तेव्हा तिथे सहकार्याची भाषा करण्यात अर्थ नाही. ज्याने त्याने आपल्या मुलांसाठी प्रती घ्याव्यात. सामाईक संग्रहाला जागा उरते ती क्वचित लागणाऱ्या, पण लागल्या की दुसरे काहीच चालत नाही अशा ग्रंथांपुरती: संदर्भकोश, संशोधनग्रंथ, अहवाल, नियतकालिकांचे मागील खंड.

विषयवाटप दुसऱ्या वर्षी आले आणि त्यासोबत मानापमानही आले. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या एका गटाने १९८० च्या सुमारास संग्रहाची खोली मोजण्यासाठी शून्य ते पाच अशी पातळ्यांची मोजपट्टी तयार केली होती. शून्य म्हणजे तो विषय आमचा नाही, तीन म्हणजे अध्यापनाला पुरेल इतका, चार म्हणजे संशोधनाला पुरेल इतका आणि पाच म्हणजे सर्वसमावेशक. आम्ही ती तीन पायऱ्यांवर आणली: शिकवण्यापुरते, अभ्यासापुरते, संशोधनापुरते. प्रत्येकाने आपापला तक्ता भरून आणला, तेव्हा चारही ग्रंथालये बहुतेक सगळ्या विषयांत ‘संशोधनापुरती’ निघाली. मीही अर्थशास्त्रासमोर तेच लिहिले होते. मग आम्ही प्रत्येक विषयातील एकेका अलीकडच्या प्रबंधाची संदर्भसूची घेतली आणि त्यातली किती पुस्तके मांडणीवर प्रत्यक्ष सापडतात ते मोजले. निकालाचे आकडे इथे देत नाही, कारण नमुना फार लहान होता; परंतु त्या दुपारनंतर तक्त्यातील बरेच शब्द खोडले गेले आणि चर्चा जमिनीवर आली.

या टप्प्यावर फार्मिंग्टन योजनेचा इतिहास मला उपयोगी पडला. १९४२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील फार्मिंग्टन या गावी झालेल्या बैठकीतून तिची कल्पना पुढे आली, १९४८ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू झाली आणि १९७२ मध्ये बंद पडली. परदेशांत प्रसिद्ध होणाऱ्या, संशोधनाला उपयोगी अशा प्रत्येक ग्रंथाची निदान एक प्रत अमेरिकेतील कोणत्या तरी ग्रंथालयात यावी, यासाठी साठांहून अधिक ग्रंथालयांनी विषय आणि देश वाटून घेतले होते. अशा वाटपात एक धोका कायम असतो. देशाच्या सोयीने वाटलेला विषय त्या विद्यापीठाच्या अध्यापकांना हवा असतोच असे नाही, आणि पैसा आटला की नकोसा विषय सर्वांत आधी गळतो. आम्ही म्हणूनच रिकाम्या जागा भरण्याचा हट्ट धरला नाही. ज्या विषयाचा जिवंत विभाग जिथे आहे, तोच विषय तिथे दिला, आणि दोन-तीन विषय कोणाकडेच न देता तसेच सोडले.

प्राचार्यांची परवानगी मिळवताना जी अडचण येईल असे वाटले होते ती आली नाही आणि भलतीच आली. ‘यातून पैसे वाचतील’ असे मी पहिल्या टिपणीत लिहिले होते. ती चूक होती. नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनात ग्रंथ आणि नियतकालिकांवरील वार्षिक खर्च संस्थेच्या नावावर दाखवावा लागतो. खर्च कमी झाला तर तो काटकसर म्हणून कोणी वाचत नाही. टिपणी मागे घेऊन दुसरी लिहिली: खर्च तितकाच राहील, पण त्याच पैशात चौघांकडे चार वेगवेगळी पुस्तके येतील. आठवड्याभरात चारही सह्या झाल्या.

चारही ग्रंथालयांतील ग्रंथांच्या नोंदी एकत्र दाखवणाऱ्या संयुक्त तालिकेवर आमचे सर्वांत जास्त तास गेले. ग्रंथालयाच्या संगणकप्रणालींपैकी दोन ग्रंथालये इन्फ्लिबनेट या केंद्राचे ‘सोल’ वापरत होती, एक ‘कोहा’, आणि चौथ्याकडे स्थानिक माणसाकडून करून घेतलेली प्रणाली होती, जिच्यात मराठी नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये भरलेल्या होत्या. त्या नोंदी बाहेर काढल्या की पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत. फाँट बदलणारे साधन वापरून बऱ्याच सुटल्या, तरी जोडाक्षरे आणि रफार जिथे तिथे फुटले, आणि ते डोळ्यांनी पाहूनच दुरुस्त करावे लागले. अर्थात खरी फजिती फाँटची नव्हती. कोल्हापुरात सर्वाधिक शोधले जाणारे नाव टंकून पाहिले, तेव्हा ‘शाहू’, ‘शाहू छत्रपती’, ‘राजर्षी शाहू महाराज’, ‘छत्रपती शाहू (कोल्हापूर)’ अशी चार माणसे चार ग्रंथालयांत उभी होती, आणि त्यांच्यात सातारच्या शाहू महाराजांची पुस्तके बिनदिक्कत मिसळलेली होती. एकाचा जन्म १६८२ चा, दुसऱ्याचा १८७४ चा; यंत्राला दोघांत फरक करण्याचे कारण नव्हते, कारण आम्ही कोणीच जन्ममृत्यूची वर्षे भरलेली नव्हती. व्यक्तिनामाचे एक प्रमाण रूप ठरवायचे, त्याला वर्षे जोडायची आणि बाकीची रूपे त्याकडे वळवायची, हे काम ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षात सगळेच शिकतात. आम्हीही शिकलो होतो.

पुस्तके नेण्या-आणण्याची व्यवस्था त्या मानाने सोपी वाटली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी अ चे परिचर कापडी पिशवी घेऊन दुचाकीवर चारही ठिकाणी फेरी मारत. चार महिन्यांनी लेखापरीक्षकांनी पेट्रोलच्या व्हाउचरवर शेरा मारला: दुसऱ्या संस्थेच्या कामासाठी झालेला खर्च या संस्थेच्या खात्यात कसा? शेरा नियमाला धरून होता. पुढे ‘देणाऱ्याने पोहोचवावे, घेणाऱ्याने परत करावे’ असे ठरल्यावर प्रत्येक फेरी कोणाच्या तरी स्वतःच्या कामाची झाली आणि शेरा पुन्हा आला नाही. गहाळ पुस्तकांची भीतीही अशीच कागदाने कमी झाली. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, देवघेव वा वापर झालेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथ गहाळ होणे, त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी मानले आहे. तो नियम आमच्या संस्थांना थेट लागू होत नाही, पण करारात तेच प्रमाण धरल्यावर ग्रंथपालांच्या मनातली ‘उद्या माझ्या पगारातून कापले तर’ ही धास्ती बरीच ओसरली.

असमतोल मात्र कागदाने सुटला नाही. अ चा संग्रह मोठा, त्यामुळे पुस्तके बहुधा तिथूनच बाहेर जात आणि तिथे येत मोजकीच. दुसऱ्या वर्षाच्या बैठकीत अ च्या ग्रंथपालांनी शांतपणे विचारले, ‘मॅडम, यात आम्हाला काय?’ कोल्हापूर जिल्ह्यात सहकार कोणाला शिकवावा लागत नाही. पहाटे किटली घेऊन संकलन केंद्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपले दूध किती लिटर, फॅट किती आणि त्याचे किती रुपये हे पावतीवर मिळते, म्हणून तो उद्याही येतो. आमच्याकडे पावतीच नव्हती. आम्ही फक्त दिलेली पुस्तके मोजत होतो आणि त्या हिशेबात अ कायम देणारे व बाकीचे कायम घेणारे दिसत होते. मग तीन गोष्टी मोजायला घेतल्या: दिलेली पुस्तके, सामाईक यादीतून नव्याने घेतलेली पुस्तके, आणि तालिकेतील दुरुस्त केलेल्या नोंदी. शेवटच्या कामात ड सर्वांत पुढे होते, कारण तिथल्या साहाय्यक ग्रंथपाल बाईंचा हात त्यावर बसला होता. अ च्या हजारो जुन्या नोंदी त्यांनीच सुधारून दिल्या. हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर अ चा प्रश्न पुन्हा आला नाही. हा हिशेब शास्त्रशुद्ध आहे असे मी म्हणणार नाही. एक नोंद आणि एक पुस्तक यांचा दर कोणीच ठरवलेला नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ड च्या तळमजल्यावरील मांडणीत पाणी शिरले. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके फुगून इतकी घट्ट बसली की ती बाहेर काढायला लोखंडी चौकटी सोडवाव्या लागल्या. सुदैवाने त्या फळ्यांवर मुख्यतः पाठ्यपुस्तके होती, पण गृहविज्ञानाचे जे ग्रंथ ‘चौघांत एकच प्रत’ या नियमाने तिथे ठेवले होते, त्यातले काही गेले. दुबार प्रत म्हणजे उधळपट्टी, असे मी दोन वर्षे सांगत आले होते. त्या आठवड्यात ते विधान मला मागे घ्यावे लागले. ज्या ग्रंथाची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही, तो दोन ठिकाणी असावा आणि त्यातले एक ठिकाण पूररेषेच्या बाहेर असावे, असे ठरले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तोवर ड चा सामाईक संग्रह वरच्या मजल्यावर गेलेला होता.

प्रयोगाला खरा धक्का पाण्याने नव्हे, रद्दीने दिला. एका मराठी वैचारिक मासिकाचे बांधीव खंड तीन ग्रंथालयांत होते. ब चा संच सर्वांत पूर्ण, म्हणून त्या मासिकाची जबाबदारी ब कडे देण्यात आली. त्या विश्वासावर मी आमचे अपुरे खंड रीतसर निर्लेखित केले, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकले. ड नेही तेच केले. पुढे ब चे ग्रंथपाल निवृत्त झाले, पद बराच काळ रिकामे राहिले, काम प्रभारींकडे गेले, आणि वाचनकक्ष मोठा करण्याची वेळ आली तेव्हा निर्लेखन समितीने ‘वापर नसलेली जुनी नियतकालिके’ या शीर्षकाखाली ते खंड रद्दीत काढले. ठराव झाला होता, निविदा मागवल्या होत्या, पावती फाडली होती. प्रक्रियेत एकही चूक नव्हती. आमच्या करारात लिहिले होते, ‘सदर मासिक ब घेईल.’ ब ने वर्गणी कधीच थांबवली नव्हती. ‘ठेवील’ असा शब्द आम्ही कुठेच लिहिला नव्हता. तो मसुदा माझा होता.

हे मला एका विद्यार्थ्याच्या मागणीपत्रकामुळे कळले. त्याच संध्याकाळी प्रभारी ग्रंथपालांना सोबत घेऊन मी रद्दीच्या वखारीत गेले. गठ्ठ्यांत काही खंड होते, पण पाठ आणि पुठ्ठे काढलेले, नुसत्या शिवणीवर लोंबणारे. मी विचारल्यावर मालक म्हणाले, ‘पुठ्ठ्याचा भाव येगळा असतोय मॅडम, ते पयलं सोलून काढतोय.’ पाठीबरोबर बोधांक, म्हणजे फळीवरची जागा सांगणारा क्रमांक, गेला होता आणि बऱ्याच खंडांची शिक्क्याची आरंभीची पानेही फाटून गेली होती. कोणता कागद आमच्या खंडांचा आणि कोणता दुसऱ्या कोणाच्या रद्दीतला, हे ठरवायला एकच खूण उरली. प्रत्येक ग्रंथालय एका ठरावीक आतल्या पानावर शिक्का मारते आणि त्या पानाचा क्रमांक बाहेर सांगत नाही. प्रभारींनी तो मला सांगितला. वखारीतल्या पिवळ्या बल्बखाली आम्ही दोघांनी एकेक शिवण उलगडून ते पान शोधले. निम्म्याहून कमी खंड हाती लागले. वजनाच्या भावाने ते परत विकत घेतले आणि त्या रकमेची पावती कोणत्या खात्यात टाकायची, हा प्रश्न अर्थातच दुसऱ्या दिवशी उभा राहिला. ती माझ्याकडेच आहे.

त्यानंतरच्या सुधारित करारात खरेदीच्या अटी अर्ध्या पानावर आल्या आणि ठेवण्याच्या अटींनी दोन पाने घेतली. मालकी ज्या त्या संस्थेचीच राहते. ग्रंथ एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत कायमचे हलवण्याला कोणत्याही व्यवस्थापनाने मान्यता दिली नसती आणि आम्ही ती मागितलीही नाही. मात्र सामाईक जबाबदारीतील प्रत्येक ग्रंथाच्या दाखल नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात, तालिकेतील नोंदीत आणि ग्रंथाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस ‘सामाईक प्रत. निर्लेखनापूर्वी इतर तिघांची लेखी संमती आवश्यक’ असा शिक्का असतो. नोंदवहीचा आग्रह माझा होता. ग्रंथपाल बदलतात, संगणकप्रणाली बदलतात, करार फायलीत जातो; पण निर्लेखनाचा प्रस्ताव करताना दाखल नोंदवही उघडल्याशिवाय कोणाचाही इलाज नसतो. कोणाला जागेची निकडच असेल तर खंड आधी बाकी तिघांना देऊ करायचे, आणि कोणीच घेत नसेल तर कारणांसह ठराव करून मगच काढायचे, अशी तरतूद आहे. कायम ठेवण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, म्हणून मुदत दहा वर्षांची धरली. ती संपण्याआधी पुन्हा बसायचे आहे.

इलेक्ट्रॉनिक साधनांचा प्रश्न आम्ही या करारात घेतलेला नाही. महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या एन-लिस्टचे सदस्यत्व ज्या त्या महाविद्यालयाचे असते आणि परवान्यानुसार त्याचा लाभ त्या महाविद्यालयाच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनाच देता येतो. पिशवीतून पुस्तक नेता येते, तसा पासवर्ड नेता येत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे आणि आमच्या चारही संस्था खासगी व्यवस्थापनाच्या आहेत. योजनेतील सुमारे १३,००० नियतकालिके उद्या आमच्यापर्यंत पोहोचली, तरी रद्दीत गेलेले ते मराठी मासिक त्यांत नसणार. छापील मराठी नियतकालिकांच्या मागील खंडांची यादी म्हणूनच आम्ही वेगळी आणि आधी पूर्ण करत आहोत, आणि करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या सार्वजनिक ग्रंथालयात काय आहे ते पाहिल्याशिवाय ‘एकमेव प्रत’ हा शेरा लिहायचा नाही, असेही ठरवले आहे.

गेल्या पावसाळ्याआधी ब च्या नव्या ग्रंथपालांचा मला फोन आला. त्यांना एका इंग्रजी रसायनशास्त्रीय नियतकालिकाचे खंड काढायचे होते आणि नोंदवहीत शिक्का दिसला होता. मी संमती दिली, अ ने दिली, आणि ड ने त्यातले पहिले सहा खंड मागून घेतले, जुनी छपाई मुलींना दाखवायला. शुक्रवारच्या फेरीत ते गेले.